आंबोणाचं तपेलं

…बोळा पांढराच. तारेच्या टोकाला घट्ट बांधलेला चिंध्यांचा बोळा तिने धुरांड्यातून वरपासून खालपर्यंत दोनदा फिरवून काढला, आणि तो गेला तसाच बाहेर आला – कडेला एक राखाडी रेघ, कोळ्याचं जरासं जाळं, बस्स. ओंजळभर काजळी पडायला हवी होती. या डोंगरावर दोनशे घरांत तिने अशा बिनधुराच्या चुली बांधल्या, लोक तिला नावाने नाही, ‘चूलबाई’ म्हणूनच हाक मारतात, आणि बोळा पांढरा निघाला की चूल पेटतच नाही हे तिला कुणी शिकवायला नको. दुसऱ्याच्या घरी ती हसून म्हणाली असती, काय मावशी, शोभेला ठेवलीय का? पण हे घर आईचं होतं, आणि ही चूल तिने सगळ्यात आधी बांधली होती.

तीन वर्षं. तीन वर्षं आई म्हणायची, धुरांडं मी साफ करते गं, तू कशाला हात काळे करतेस. आणि मी – मी खुळी, खूश व्हायचे, की बघा, आमची आई किती व्यवस्थित… आज आईला उठवत नव्हतं म्हणून तार हातात घेतली, एवढंच. नाहीतर अजून तीन वर्षं अशीच गेली असती.

भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला. आधी खोलवर काहीतरी खरवडल्यासारखा, मग थांबला – हे थांबणंच तिला सोसत नसे – आणि मग पुन्हा. सोमवारी खालच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात धूर असतो का? “छे, तीन वर्षं झाली, मीच चूल बांधलीय,” हे ती केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मग ठीक. धूर असता तर हा हिवाळा कठीण होता.” आई शेजारीच बसली होती. पायांकडे बघत. तेव्हा तिला वाटलं होतं, आई दमलीय.

ती बोळा घेऊन आत गेली. “आई, हे बघ.”

आईने बघितलं. “तू यायचीस तेव्हा पेटवायचे की.”

“आणि एरवी?”

आईने हनुवटीनेच गोठ्याकडे दाखवलं.

गोठ्यात, गाईपासून चार हातांवर, तीन दगडांची चूल होती. वरचे वासे डांबरासारखे काळे. चुलीसमोर बसून बसून गुळगुळीत झालेला पाट, खुंटीवर आईची जुनी शाल, ताटली, वाटी, मिठाचा डबा… म्हणजे संसारच इथे थाटलेला. आपण दर महिन्याला येत होतो, ‘गोठ्याचं मी बघते’ हे ऐकून तिकडे नव्या चुलीपुढे बसून गरम गरम जेवत होतो, आणि ही बाई आपल्याला वाटेला लावून परत इथे येऊन बसत होती. राग असा आला की डोळ्यांत पाणीच आलं. एवढं लपवायचं? माझ्यापासून?

चुलीवर गाईचं आंबोण शिजवायचं तपेलं होतं. भलंमोठं, काळंकुट्ट. ते पाहिलं आणि तिच्या बोटांनी सवयीने माप घेतलं – नव्या चुलीच्या तोंडापेक्षा चांगलं चार बोटं रुंद. चुलीचा साचा खालच्या ऑफिसातून आला होता, सगळ्यांना एकच, आणि तिने तो दोनशे घरांत तसाच बसवला. आईच्या वेळी फॉर्म भरताना तिने विचारलं होतं, घरात जेवणारी माणसं किती? आई म्हणाली होती, एकटी. तिने लिहिलं, एक.

ती दारात येऊन म्हणाली, “तेव्हाच का नाही सांगितलंस, तपेलं बसत नाही म्हणून?”

“तू माणसं विचारलीस.” आई श्वास घ्यायला थांबली. “दोन दोन चुली कोण पेटवत बसणार… आंबोणाबरोबर माझं चार घास शिजायचं. गुडघेही शेकायचे. तू एवढी मापं घेऊन बांधलीस, तुला कशाला वाईट वाटू द्यायचं?”

नवी चूल बांधली की जुनी पाडायची, हा नियम. लोक कुरकुरतात, म्हाताऱ्या रडतातसुद्धा. तिने कधी कुणाचं ऐकलं नव्हतं. गोठ्याच्या दाराआड पहार होती. तिने ती उचलली. तीन दगड, दोन घाव पुरले असते. गाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या घमेल्याकडे. ऊन डोक्यावर आलं होतं आणि गाईला सकाळपासून काही घातलं नव्हतं.

“आंबोण ठेवतेस का?” आतून आईचा आवाज आला. “की मी उठू?”

“उठू नकोस.”

तिने पहार भिंतीला टेकवली, तपेल्यात पाणी आणि कोंडा घातला, आणि चुलीपुढे पाटावर बसली. सरपण ओलसर होतं. धूर एकदम अंगावर आला, घशात बसला, आणि ज्या धुराबद्दल ती दोनशे घरांत तक्ते लावून बोलली होती त्याने तिला वाकून वाकून खोकायला लावलं. मग जाळ धरला. गुडघ्यांना ऊब लागली. ती हळूहळू वर चढत पाठीपर्यंत आली, सकाळपासून आखडलेली बोटं सुटली, आणि तिला चांगलं वाटलं – इतकं चांगलं, की तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. सोमवारी दवाखान्यातून परत आल्यावर, ते सगळं ऐकून आल्यावर, आई इथेच येऊन बसली असेल. बसली असेलच. गाय उपाशी, अंग गारठलेलं, दुसरीकडे कुठे बसणार? आणि आपण उद्या खाली गेलो की परवा पुन्हा… दगड पाडले तरी दगडच ते, पुन्हा मांडता येतात. गाय विकून टाक म्हणावं, तर मग या घरात आई दिवसभर बोलणार कुणाशी?

ती मनातल्या मनात आईला रागवायला गेली, सवयीची वाक्यं जुळवू लागली – फुप्फुसं, हिवाळा, डॉक्टरीणबाई – आणि पहिल्याच वाक्याला अडखळली. दोनशे घरांत तोंडपाठ म्हटलेलं. आईला सांगण्यासारखं त्यातलं काहीच नव्हतं. धुराने डोळे चुरचुरत होते. तरी जरा मागे सरकावं, असंही तिला वाटेना.