रागावायला माणूस पाहिजे

आमच्या गल्लीत बास्केटबॉलची रिंग लावायची ठरली तेव्हा गल्लीत भिंतींना तोटा नव्हता. तरी ती नेमकी माझ्याच खिडकीच्या वर ठोकली गेली. रिंग म्हणजे जुन्या पिंपाचं लोखंडी कडं, जाळीबिळी काही नाही. मी तळमजल्यावर, खिडकीशी शिलाई मशीन टाकून बसते. नवं शिवत नाही. कुणाची पँट आखूड करायची, कुणाला कंबरेत सैल करून द्यायची, कुणाची चेन बदलायची, असली कामं. या कामाला हात स्थिर लागतो. वर भिंतीवर धाडकन चेंडू आदळला की हात उडतो, टीप वाकडी जाते, आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो.

तो सुटतो हे मी नाकारत नाही. पण मी विनाकारण कधीच रागावत नाही, हेही कुणी विसरू नये.

मी खिडकीतून डोकं काढलं की सगळी पोरं पांगायची. एक तेवढा पांगायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या प्लंबरचा मुलगा. हातापायांच्या नुसत्या काड्या, येताना दाराला धडकणार, जाताना बादली लाथाडणार. मी त्याला धसमुसळ्या म्हणायला लागले आणि मग सगळी गल्लीच म्हणायला लागली, पुढे पुढे त्याची आईसुद्धा. मी बोलत असले की हा चेंडू आपटत माझ्याकडे बघत उभा राहायचा, अगदी मन लावून ऐकल्यासारखा. मी श्वास घ्यायला थांबले की टाकायचा. चेंडू कड्यातून सरळ खाली माझ्या खिडकीच्या चौकटीवर. मग मी पुन्हा सुरू.

वर्षानुवर्षं आमचं हेच चाललं. पोरगा वाढता वाढता थांबेचना. फर्निचरच्या दुकानात कपाटं उचलायच्या कामाला लागला, तरी संध्याकाळी खिडकीसमोर हजर. मला वाटायचं मी त्याला खेळू देत नाहीये. त्याला वाटायचं, खेळ म्हणतात तो हाच.

एके दिवशी एका मोठ्या क्लबचे कोच आपले दोन पगारी खेळाडू घेऊन गल्लीत आले. गल्लीतली पोरं कशी खेळतात ते बघायला म्हणे. त्या दिवशी माझ्या मशीनवर एका वकिलाचा काळा कोट होता, आणि काळ्यावर काळी टीप उसवायची म्हणजे डोळ्यांच्या खाचा होतात. तेवढ्यात चेंडू आदळला. मी जे काही सुनावलं ते इथे सगळं लिहीत नाही. पगारी खेळाडू बिचारे गारठून उभे राहिले, आणि धसमुसळ्याने त्यांच्या मधून वाट काढत एकामागून एक असे चेंडू टाकले की कोचने तोंडात बोटं घातली.

जाताना कोच माझ्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढ्या कटकटीत हा असा खेळतो, तर शांततेत काय खेळेल!"

कटकट. मी ते मनात ठेवलं.

क्लबने त्याला बोलावून घेतलं. सरावाला यायचं, हंगामातला एक सामना खेळायचा, जमलं तर करार, नाही जमलं तर राम राम. दुकानाचा मालक म्हणाला, रजा-बिजा मिळायची नाही. तेव्हा पोराने नोकरीवर पाणी सोडलं आणि गेला. गल्ली शांत झाली. पहिले काही दिवस माझ्या टिपा अशा सरळ पडल्या की बघत राहावं. नंतर मात्र मला करमेना. मी उगाच खिडकीत जाऊन उभी राहायचे आणि रागावण्यासारखं काही न दिसल्यामुळे चिडून परत यायचे.

मग एक दिवस त्याची आई खाली आली. खुर्चीत बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "काही खरं नाही हो त्याचं. तिथे एक चेंडू आत जात नाही म्हणे. दुकानात दुसरा माणूस लागलाय. आता हे हुकलं तर काय करायचं पोराने?"

तिच्या ब्लाउजची बाही उसवली होती, ती मी तिच्या अंगावरच शिवून दिली.

दुसऱ्या दिवशी एक सूटबूटवाले गृहस्थ खिडकीशी येऊन उभे राहिले. त्यांची पँट बुटांवर लोळत होती, म्हणून मी काही विचारलंच नाही. आत घेतलं, स्टुलावर उभं केलं आणि टाचण्या तोंडात धरून खाली बसले.

"मी क्लबचा मॅनेजर," ते वरून म्हणाले.

"हलू नका," मी म्हटलं.

"बाई, आमचा एक नवीन खेळाडू आहे. सरावात चेंडू हातात आला की थांबतो. रिंगकडे बघतच नाही, रिंगच्या खाली बघतो. आम्ही विचारलं, अरे, खाली काय शोधतोस? तर म्हणतो, मावशी अजून बोलल्या नाहीत."

माझ्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

"आम्ही सगळं करून पाहिलं," मॅनेजर म्हणाले. "डॉक्टरांना दाखवलं. कोच स्वतः त्याच्यावर ओरडले, पण तो म्हणाला, सर, तुम्ही मनापासून ओरडत नाही. शनिवारी सामना आहे. तुम्ही याल का?"

"रागावायला?"

"हो."

"आणि रागावण्यासारखं काही नसलं तर?"

मॅनेजरनी स्टुलावरूनच हात जोडले. मी त्यांची पँट दोन्ही पायांना सारखी आखूड करून दिली आणि शनिवारी गेले.

दारावरच्या माणसाने माझ्या गळ्यातला पास वाचला. पासवर 'तज्ज्ञ' असं छापलं होतं. "कशातल्या तज्ज्ञ?" त्याने विचारलं. "कळेल," मी म्हटलं. मला रिंगच्या बरोबर खाली, रेषेच्या मागे खुर्ची दिली होती. सभागृह केवढं मोठं, फरशी अशी लखलखीत की चप्पल काढावीशी वाटली. आणि इथेच माझी पंचाईत झाली. चेंडू आदळत होता, पण तो त्यांच्या फळीवर. माझी सुई मोडत नव्हती, कुणाचा कोट वाया जात नव्हता. मी कशावर रागावणार?

धसमुसळ्याला चेंडू मिळाला. तो थांबला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिला. एका दांडग्याने त्याच्या हातातून चेंडू काढून नेला. पुन्हा तेच. लोक हसायला लागले. कोचने कपाळाला हात लावला. त्याची आई वर कुठेतरी बसून हे बघत होती. अहो, पोराचं आयुष्य माझ्या तोंडाला टांगलेलं, आणि माझं तोंड बंद.

तेवढ्यात तो माझ्यासमोरून धावत गेला आणि मला त्याची चड्डी दिसली. एका पायाची दुमड पार उसवलेली, दोरा हातभर लोंबतोय.

"अरे मेल्या," मी म्हटलं, "दोरा लोंबतोय तो दिसतो का? एवढ्या लोकांत लक्तरं घालून नाचतोस? घरी सुई नव्हती? आणि मापाने तरी घ्यायचीस, चड्डी आहे का गादीची खोळ आहे ही? उद्या पायात अडकून तोंडावर आपटलास म्हणजे तुझी आई माझ्याच दाराशी…" इथे माझा श्वास संपला.

चेंडू वरून कड्यातून आला आणि जाळीतून सुर्रकन माझ्या पायाशी पडला.

मग काय विचारता. एकदा डोळ्यांना सवय झाल्यावर मला सगळीकडे कामचुकारपणाच दिसायला लागला. नंबर तिरके शिवलेले, शर्टाच्या बगला उसवलेल्या, एकाच्या पाठीवर तर चक्क पांढऱ्यावर पिवळा दोरा. मी कुणाचीही भीडभाड ठेवली नाही. समोरच्या संघाचा सर्वात उंच माणूस चेंडू सोडून आपला शर्ट चड्डीत खोचायला लागला. पंच मला समज द्यायला आले, त्यांच्या खिशाचं बटण तुटलं होतं, तेव्हा ते तसेच परत गेले. अर्धा सामना झाल्यावर संघांनी बाजू बदलल्या, तर मॅनेजर माझी खुर्ची डोक्यावर घेऊन पलीकडच्या रिंगखाली धावले आणि मी त्यांच्या मागून, पँटचे दोन्ही पाय सारखे पडताहेत ना ते बघत.

शेवटी दोन्ही संघांचे गुण सारखे झाले. वेळ संपत आलेला. धसमुसळ्याला कुणीतरी धक्का दिला आणि त्याला दोन मोकळे चेंडू मिळाले. मोकळे म्हणजे समोर कोणी अडवणारं नाही, रेषेवर उभं राहून निवांत टाकायचे. एक आत गेला की सामना जिंकला आणि करारही झाला, असं मला मॅनेजरनी कानात सांगितलं. त्यांचा आवाज फुटत होता.

तो रेषेवर आला. सगळे लोक उभे राहिले आणि ओरडायला लागले, "धस-मुस-ळ्या, धस-मुस-ळ्या."

मी ठेवलेलं नाव. बादली लाथाडली म्हणून चिडून ठेवलेलं. हजारो माणसं ते असं घेत होती, जसं काही पोराला बक्षीसच देताहेत. मी तोंड उघडलं. दोरा अजून लोंबत होता, कारण हाताशी होतं. पण शब्द फुटेना. मला त्याचं इतकं कौतुक वाटत होतं की राग यायला जागाच नव्हती. डोळे आपोआप वाहायला लागले.

तो थांबला होता. चेंडू आपटत होता. मी बोलतच नाही म्हटल्यावर शेवटी त्याने टाकला, आणि तो कड्याला लागून बाहेर पडला.

धसमुसळ्याने खाली बघितलं, माझ्याकडे. आणि जन्मात कधी मला उलट उत्तर न दिलेला तो मुलगा भर सभागृहात म्हणाला, "अहो मावशी, रडता काय? एवढी माणसं बघताहेत, काही वाटतं का? पुसा आधी ते डोळे. एक काम सांगितलं होतं, तेही धड होत नाही तुमच्याकडून. इथे काय शोभेला आणून बसवलंय? घरी बसला असता तर चार पँटी तरी झाल्या असत्या. आणि पदर सांभाळा, खुर्चीच्या पायाखाली…"

त्याचा श्वास संपला, आणि त्याने टाकला.

आत गेला.

पुढे जो गोंधळ झाला तो सांगत नाही. मॅनेजरनी कोचला मिठी मारली, कोचने पंचांना मारली. लोक धसमुसळ्याला खांद्यावर घ्यायला धावले, पण तो त्यांच्यातून सुटून माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मान खाली घालून.

"मावशी, चुकलं. उलट बोललो."

"बरं केलंस," मी म्हटलं.

हे दोन शब्द त्याने माझ्याकडून कधी ऐकले नव्हते. तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मॅनेजर कराराचा कागद आणि पेन घेऊन वाकून उभे, आणि याचं रडं थांबेना. शेवटी मीच त्याला दंडाला धरून उठवलं. म्हटलं, सही कर, माणूस ताटकळलाय. तर आता कागद ठेवायला काही नाही. माझी खुर्ची कुणीतरी आनंदाच्या भरात उचलून नेली होती.

"पाठ द्या जरा," तो नाक ओढत म्हणाला.

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले. त्याने माझ्या पाठीवर कागद पसरला आणि सही करायला घेतली. एवढंसं नाव, पण लिहायला किती वेळ लावावा माणसाने. मुद्दाम हळू करत होता की काय, मला कळलं नाही. मीही घाई कर म्हटलं नाही. मी वाकलेली असल्यामुळे माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता, आणि त्या वेळी मला तेवढंच हवं होतं.