काचेतले पाय

पापनाशमहून तंजावरला येईपर्यंत बसमध्ये भुवनाचा राग तसूभरही उतरला नाही. शेजारच्या तमिळ घरातली विशालाक्षी सोबत आली होती, तिला आवरायला म्हणून, पण तीही आतून पेटलेलीच होती.

कारणच तसं होतं. गावाच्या वेशीवर घोडेस्वार देव आहे. तमिळ घरं त्याला अय्यनार म्हणतात, मराठी घरं खंडोबा. देवाने आजवर तक्रार केलेली नाही. दुखण्याला नवस बोलायचा, कुंभाराकडून मातीचा हात नाहीतर पाय करून घ्यायचा आणि हळद माखून देवापुढे ठेवायचा. मग त्याला कुणी शिवायचं नाही. ऊनपावसाने झिजून तो मातीत मिळाला, की दुखणंही गेलं. भुवनाच्या मुलीच्या, विनुताच्या पायाचं ऑपरेशन सोमवारी होतं, आणि तिच्या नावाचा मातीचा पाय भुवनाच्या धाकट्या दिराने उचलून मराठी मंडळाच्या हॉलात काचेच्या कपाटात ठेवला होता. रघोजी मंडळाचा सेक्रेटरी. दिवे लावायला एवढं पद पुरतं.

हॉलात तो कपाटावर पाटी चिकटवत होता.

"वैनी, पावसात वाया गेलं असतं की. आपल्या लोकांचं आहे, जपायला नको?"

"देवाला दिलेलं जपणारे तुम्ही कोण? पोरीला सोमवारी टेबलावर घेतील. माझा पाय द्या."

"मराठी घरांचंच निवडून आणलंय. हळद लावलेलं तेवढं."

विशालाक्षीने कपाळावर हात मारला. हळद तीही लावते, तिची सासूही लावायची. मुलाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून तिने वाहिलेलं मातीचं डोकं 'आपल्या लोकांच्या' कपाटात वरच्या फळीवर बसलं होतं. तिने बोट दाखवून रघोजीला तमिळमध्ये ते असं सुनावलं, की बाहेरचा वॉचमन आत डोकावला.

रघोजी ओशाळला, पण किल्ली सोडेना.

"बरं वैनी, तुमचा कोणता ते दाखवा. तेवढा देतो."

भुवना काचेला नाक लावून बघत राहिली. एकाच कुंभाराच्या हातचे, एकाच हळदीने पिवळे झालेले पाय. आईला लेकीचा पाय ओळखता येईना. तिला रडू फुटलं, आणि याच्यासमोर रडू फुटलं म्हणून आणखीच संताप आला.

"ओळखता येत नाही ना?" रघोजी म्हणाला.

"नाही येत," तिने त्याच्या हातातली किल्ली हिसकावली. "म्हणून असकीच नेते, एकूण एक."