सहाव्या दिवसाचा वारा

मिरजेवर माघाचं ऊन उतरलं होतं; केशरफिकं, दुधाळ, उसाच्या तुऱ्यांवरून घरंगळत आलेलं. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ते आत आलं, सलाइनच्या बाटलीत क्षणभर थांबलं आणि शार्दूल इंगवलेच्या पोटावरल्या शुभ्र पट्टीवर निजलं. पट्टीखाली शांतता होती. हिमशिखरावरची, निःशब्द, निर्वात शांतता. सहा दिवसांची.

सात वर्षं त्या उदरात क्रोन्स नावाचा आतड्यांचा दाह नांदला. सात वर्षं शार्दूल मत्सरावर जगला. दुसरं काही पचतच नव्हतं. कुणाच्या रूपाचा नाही, पगाराचा नाही, त्याला हेवा वाटे लोकांच्या आतड्यांचा. पंगतीत जिलबीमागून जिलबी रिचवणारा मावसभाव. एसटीत खिडकीशी निवांत घोरणारी, पुढचं स्वच्छतागृह कुठे आहे हे ठाऊक नसलेली, अज्ञानी, भाग्यवंत माणसं.

मग शस्त्रक्रिया झाली. हातभर व्रणजर्जर आतडं गेलं, उरलेली दोन टोकं शिवली गेली. डॉक्टर म्हणाले, वारा सरला की आतडं जागं झालं समजायचं. तोवर पाण्याचा थेंब नाही. आणि आज संध्याकाळपर्यंत सरला नाही, तर कदाचित पुन्हा पोट उघडायचं.

शेजारच्या खाटेवर दत्तोबा मगदूम, साखर कारखान्यातले निवृत्त वॉचमन. त्यांचंही आतडं त्याच दिवशी कापलेलं. पण त्यांचा वारा तिसऱ्याच सकाळी सरला. सरला कसला, दुमदुमला, मेघगंभीर, दिगंतव्यापी. खिडकीतली कबुतरं उडाली. सुनेने हात जोडले. वॉर्डभर अभिनंदन झालं.

आज सकाळी त्यांना चहा आला. शेजारच्या पोराला दिसू नये म्हणून त्यांनी भल्या मनाने पडदा ओढून घेतला. मग पडद्याआडून फुरका आला. दीर्घ, सुवर्णवर्णी, आल्याच्या वासाचा फुरका. मत्सराला रंग असता, तर तो दूध घातलेल्या चहाचा असता.

म्हणून लीना सिस्टर आल्या तेव्हा शार्दूलने, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, सांगून टाकलं की सरला. त्यांनी त्याच्या पोटावर स्टेथोस्कोप टेकवला. डोळे मिटून ऐकलं.

"पोट गप्प आहे," त्या म्हणाल्या. "तूच बोलतोयस."

त्या गेल्या. पडदा सरकला. मगदूमांनी सगळं ऐकलं होतं.

"ऊठ गड्या," ते म्हणाले. "निजून वारा सरत नसतोय."

आणि दोघं चालू लागले. सलाइनचा खांब ढकलत, टाक्यांवर तळवा धरून, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या टोकापासून या टोकापर्यंत. दोन शिवलेले राजहंस. सतराव्या फेरीलाही शार्दूल मगदूमांच्या पोटाकडेच बघत होता.

मग, ऊन तांबूस होताना, खोल कुठेतरी काही हललं. कुशीवर वळलं. आणि एक हुंकार उमटला. कमळकळीत कोंडलेल्या भुंग्याएवढा.

शार्दूलने सांगितलं, तशी सिस्टरनी नकारार्थी मान हलवली. सकाळचं खोटं त्या विसरल्या नव्हत्या.

"मी साक्षीला हाय, सिस्टर," मगदूम गंभीरपणे म्हणाले. "बारका होता. पण अस्सल होता."

स्टेथोस्कोप पुन्हा टेकला. बराच वेळ टेकून राहिला. आणि सिस्टरच्या ओठांचा एक कोपरा हलला.

चमचाभर पाणी आलं. त्याच क्षणी मगदूमांपुढे मऊ खिचडी आली, वर तुपाची धार. शार्दूलने ती पाहिली, यथाशक्ती जळला, आणि तोंड उघडलं.

पाणी उतरलं. नव्या पाटात सोडलेल्या पहिल्या पाण्यासारखं, चाचपडत, वळणावळणाने, काळोखात वाट विचारत उतरलं. शिवणीपाशी थबकलं. सगळा वॉर्ड थबकला. आणि मग हळूच, अगदी हळूच, ते पुढे गेलं.