स्वस्तातला रायडर

अमेरिकेतल्या ओमाहा शहरात, विमा एजंटांचा मेळावा भरलेल्या हॉटेलच्या हॉलमध्ये शिळ्या कॉफीचा आणि उग्र अत्तरांचा वास कोंदला होता. लोर्नाला यायचंच नव्हतं. पण भाचीचा नवरा कोल्टन गयावया करून घेऊन आला होता.

"मावशी, दोनच मिनिटं बोल. हात गेला पण पॉलिसी वाचली, एवढंच. नव्या एजंटांना हुरूप येतो."

जन्मभर लोकांचे केस कापणाऱ्या लोर्नाचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानं लुळा पडला. पॉलिसी कोल्टननंच गळ्यात मारलेली. हप्त्यातलं थोडं विम्याला जायचं, उरलेलं शेअर बाजाराच्या चढाबरोबर म्हातारपणासाठी वाढायचं. शिवाय अपंगत्व आलं तर हप्ता माफ, असा जोडीचा रायडर. हात गेल्यावर कंपनीनं खरंच हप्ता मागितला नाही, तेव्हा लोर्ना चर्चमध्ये कोल्टनच्या नावानं मेणबत्ती लावून आली होती. आपल्या जागी आता कंपनी पैसे भरतेय, या भरवशावर बिचारी निवांत होती. म्हातारपणाला दुसरा आधार नव्हताच तिला.

स्टेजवर ब्रॉक नावाचा बडा एजंट धडे देत होता. इतके पांढरे दात माणसाला असू नयेत.

"रायडर दोन. पहिल्यात अपंग माणसाचा फक्त विम्याचा खर्च माफ. पॉलिसी जिवंत राहते, पण म्हातारपणाच्या साठ्यात नवा पैसा पडत नाही. दुसऱ्यात ठरलेला हप्ता कंपनी स्वतः भरते, म्हणून तो महाग. गिऱ्हाइकाला कोणता दाखवायचा?"

"पहिला," सगळे एका सुरात म्हणाले.

"का?"

"कागदावर हप्त्याचा आकडा गोंडस दिसतो."

"आणि दुसऱ्याचं नाव कधी काढायचं?"

"विचारलं तरच."

हॉल खदखदून हसला. कोल्टनही हसला, आणि मग त्याला शेजारी कोण बसलंय ते आठवलं.

"माझा कोणता रे?" लोर्नानं विचारलं.

"ते घरी गेल्यावर बोलू ना, मावशी."

"पहिलाच ना?"

"तुलाच हप्ता कमी हवा होता."

"दुसरा असतो, हे सांगितलं होतंस?"

तो बुटाची नाडी बांधायला वाकला. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीची तंगडी तिनं या माणसाच्या ताटात वाढली होती, पोटचं पोर समजून. तिला त्याची शिसारी आली, आणि त्याहून जास्त त्या मेणबत्तीची.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. ती स्टेजवर चढली आणि डाव्या हातात माइक धरला.

"तुम्हा सगळ्यांना स्वतःची पॉलिसी घ्यावीच लागते, असं आमचा कोल्टन सांगतो. ज्यांनी स्वतःसाठी पहिला रायडर घेतलाय त्यांनी हात वर करा."

कुणाचाच हात वर झाला नाही. कोल्टननं तर दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते.

लोर्नानं माइक टेबलावर ठेवला. डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि डोक्याच्या वर नेला.

"हा एक," ती म्हणाली.

ब्रॉक मुरलेला गडी. त्यानं क्षणही वाया घालवला नाही. "या शूर बाईसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

सगळा हॉल उठून टाळ्या पिटू लागला. सगळ्यांत आधी कोल्टन उभा राहिला होता.