एक पान, एक मिनिट

“सेहेचाळीस मिनिटं!” साधनानं मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं. “आणि मंडळानं दिलीयेत तीस. उद्या प्रयोग आहे. आता काय करणार आहात?”

तिच्या नवऱ्याचा, पद्माकरचा, विश्वासच बसेना. तीस पानं लिहिली होती त्यानं, मोजून तीस. एक पान म्हणजे एक मिनिट, हा हॉलिवूडचा नियम त्याला तोंडपाठ होता. पण तो नियम तिकडच्या टाइप केलेल्या मोकळ्या पानांचा. हा बाबा फुलस्केपवर समास खाऊन मुंगीएवढ्या अक्षरात लिहिणार, आणि हिशोब मात्र अमेरिकेचा लावणार! त्यात सगळे नोकरदार, तालमी रविवारी आणि त्याही एकेका प्रवेशाच्या. मरीन परेडच्या त्याच्या कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये आज पहिल्यांदाच सलग तालीम झाली होती.

जहाज कंपनीचे संगणक सांभाळणारा पद्माकर अकरा वर्षं इथल्या परदेशस्थ मराठी लोकांच्या मंडळासाठी एकांकिका लिहीत होता आणि बँकेतला सुबोध त्या बसवत होता. सुबोध माणूस दिलदार, पण पद्माकरनं काही गंभीर लिहिलं की याची कात्री चालू. गेल्या वर्षी तर त्यानं हॉस्पिटलच्या प्रवेशात नाच घातला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि पद्माकर आठवडाभर घरात कुणाशी धड बोलला नाही.

यंदा मात्र त्यानं सांगून टाकलं, “संहिता हवी असेल तर दिग्दर्शन मी करणार. नाहीतर राहू दे.”

हे बळ त्याला फ्रँक हॅलोरननं दिलं होतं. हॅलोरन म्हणजे कृष्णधवल काळातला हॉलिवूडचा पटकथाकार. दहा वर्षं दुसऱ्यांसाठी लिहिलं, त्याचं मातेरं होताना पाहिलं, आणि एक दिवस स्टुडिओच्या साहेबाला म्हणाला, पटकथा फुकट घ्या, पण सिनेमा मी काढणार. पाच वर्षांत सात सिनेमे काढले, सातही धो धो चालले. मग जी उतरण लागली ती थांबलीच नाही. पद्माकरनं एकांकिका लिहिली ती त्याच्यावरच. येरझाऱ्या घालत, सगळ्या पात्रांचे आवाज काढत संवाद सांगणारा हॅलोरन, आणि ते टिपून घेणारी त्याची सेक्रेटरी. सेक्रेटरीच्या कामाला जुरोंगच्या प्रयोगशाळेतली मधुवंती होती. हॅलोरन सुबोधच करत होता. त्याच्या तोडीचा नट मंडळात दुसरा नाही, हे पद्माकरही मान्य करायचा.

“शेवटचा प्रवेश काढ,” सुबोध म्हणाला. “लोक नटूनथटून येणार. त्यांना म्हातारा हॅलोरन सेक्रेटरीच्या रिकाम्या खुर्चीला संवाद सांगताना कशाला दाखवायचा? सातवा सिनेमा, टाळ्या, पडदा. सुटलो!”

“मग तो हॅलोरन कसला? तो तुझ्या बँकेचा वार्षिक अहवाल झाला.”

मधुवंती फिस्सकन हसली. “पण काका, सोळा मिनिटं काढणार कुठनं?”

पद्माकरनं पानं पुढे ओढली. पहिल्याच प्रवेशात हॅलोरनचं भाषण होतं, लेखकाच्या शब्दांचा मुडदा पाडणाऱ्या दिग्दर्शकांवर. सहा पानं, म्हणजे नऊ मिनिटं. अकरा वर्षं मनात घोळलेलं ते भाषण लोकांना ऐकवायचं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. आता दिग्दर्शक म्हणून वाचताना त्याला दिसलं, की ती नऊ मिनिटं सेक्रेटरी बिचारी नुसती बसून आहे. हॅलोरननं दारात उभं राहून ‘सिनेमा मी काढणार’ एवढं म्हटलं तरी पुरत होतं. त्यानं पेन उघडलं आणि सहाही पानांवर एकेक काट मारली.

“अरे, वेडा आहेस का?” सुबोध ताडकन उठला. “ते नको काढूस!”

“तूच म्हणतोस ना, काप?”

“ते माझ्यावर आहे पद्या, मला काय कळत नाही? पहिल्या वाचनालाच कळलं. म्हणून तर जीव ओतून म्हणतो. घे की एकदा सगळ्यांसमोर बोलून. हक्क आहे तुझा.”

“हक्क लेखकाचा. त्याला आज मी घरी पाठवलंय.”

साधना हळूच म्हणाली, “अहो, अकरा वर्षं माझ्यापाशी याच्या नावानं खडे फोडलेत तुम्ही.”

“फोडले ना? मग झालं तर!” पद्माकर म्हणाला, आणि पुढच्या पानाकडे वळला. इथला विनोद गेला, तिथलं वर्णन गेलं. तासाभरानं पुन्हा सलग तालीम घेतली. साधनाचं घड्याळ एकोणतीस मिनिटांवर थांबलं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. हसायच्या जागी लोक हसले, सातव्या सिनेमाला टाळ्या पडल्या. शेवटच्या प्रवेशाला पद्माकर विंगेत दिव्याच्या बटणावर बोट ठेवून उभा राहिला. म्हाताऱ्या हॅलोरननं खुर्चीला शेवटचा संवाद सांगितला, आणि तो उत्तरासाठी थांबला. संहितेत इथे चार सेकंद लिहिले होते. पद्माकरनं मनात चार मोजले. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. त्यानं पाच मोजले, सहा मोजले. सुबोध खोकला नाही, पदरचा शब्द घातला नाही, खांदे पाडून तसाच उभा राहिला. नवव्या सेकंदाला त्याचे नुसते डोळे विंगेकडे वळले. बस का, की अजून थांबू, एवढंच ते विचारत होते.

पद्माकरनं मान हलवली आणि दिवा मालवला.