उषाताईंनी नाव घेतलं

शनवाऱ्यातल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खकनारहून जीप भरभरून माणसं आली होती. मंचावर स्वतःला डॉक्टर म्हणवणारा रितेश निळ्या दिव्यांचं हेल्मेट उंचावत सांगत होता, "याददाश्त जाते कशानं? मेंदूला सूज येते. विदेशात अजून उंदरांवरच रिसर्च सुरू आहे, आपण थेरपी डायरेक्ट माणसांवर आणली." उंदरांवर निदान कुणी लक्ष तरी ठेवत असेल, इथे तेवढीही सोय नव्हती.

उषाताईंच्या डोक्यावर हेल्मेट चढलं. मोनाली नावाच्या मदतनीस मुलीने कानाशी वाकून पट्टा बराच वेळ आवळला. ती वाकलेलीच असताना रितेशने माईक पुढे केला. "मावशी, हे समोर कोण?"

"मधुकर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन वर्षं नवऱ्याला न ओळखणारी बाई बोलली होती. मधुकररावांना तिथेच रडू फुटलं. त्यांना आग्रहाने घेऊन आलेला शेजारचा लीलाधर म्हणाला, "देखा सर? तुम्ही खालीपिली शंका काढत होते."

पुढचे चार दिवस निवृत्त विज्ञानशिक्षक असलेल्या मधुकररावांनी बायकोसमोर बसून एकच प्रश्न विचारला, "मी कोण?" उषाताई "कोण" म्हणायच्या आणि खिडकीकडे बघायच्या. घरात माणसं दोन होती, पण बोलणारं एकच. ते एकटेपण मधुकररावांना आता सोसवत नव्हतं.

गुरुवारी चहा गाळताना त्यांचा हात थांबला. बेचाळीस वर्षांच्या संसारात उषाने त्यांना नावाने कधी हाक मारली नव्हती. कायम 'अहो'. आठवण परत आली असती, तर 'अहो' आलं असतं. 'मधुकर' तर त्यांनी शिबिराच्या फॉर्मवर लिहिलं होतं.

रविवारी शिबिरात दुसऱ्या डोसच्या फॉर्मवर त्यांनी पतीचं नाव लिहिलं: लीलाधर. लिहिलं खरं, पण आपला अंदाज चुकीचा ठरावा असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

"मावशी, हे समोर कोण?"

"लीलाधर."

टाळ्या सुरू झाल्या आणि पहिल्या रांगेतला लीलाधर गडबडून उभा राहिला. "अरे, मी तर इथं बसलोय."

हशा पिकला. मधुकररावांनी माईक घेतला. "उषा, केळी."

"केळी."

"उषा, तापी."

"तापी."

"कानावर पडलेला शब्द ती परत म्हणते," ते म्हणाले. "प्रश्न झाला की पट्टा आवळायच्या निमित्ताने ही मुलगी फॉर्मवरचं नाव तिच्या कानात सांगते." मोनालीने मान खाली घातली. त्यांनी हेल्मेट उलटं केलं. आत दिवाळीच्या दिव्यांची माळ आणि दोन सेल होते. रितेश तोवर मागच्या दाराने पसार झाला होता.

खकनारच्या गोदाबाई उठल्या. "मंग सर, माझा भाऊ लोटू बरा नाही होणार का?"

"मला नाही माहीत, मावशी. सुजेवर खरं संशोधन चालू आहे. शेकडो रुग्णांपैकी काहींना औषध आणि काहींना नुसती साखरेची गोळी देऊन फरक बघतात. त्याला वर्षं लागतात. तोवर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आजच बरं करतो म्हणणाऱ्याला आधी तपासून बघा. माझं काम एका खोट्या नावात झालं."

घरी आल्यावर मधुकररावांनी दोन कप चहा केला आणि उषाताईंसमोर बसले. एकदा 'अहो' म्हटलं असतं, तर तीही 'अहो' म्हणाली असती. त्यांनी म्हटलं नाही.