रजेवर गेलेले कागद

मित्रांनो, लिहिताना कागदाखाली धरतात तो एक जुना पुठ्ठा मी आहे. माझ्या डोक्यावर लोखंडी चिमटा आहे, म्हणून कोणी मला पॅडही म्हणतात. माझा एक कोपरा झिजला आहे, चिमट्याला गंज आला आहे. तरी एका संशोधनाचा भार मी छातीवर वाहिला, हे जरा तोऱ्यातच सांगतो.

माझा चिमटा बडोद्याचा, मकरपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यातला. तिथे पत्रा दाबायची प्रेस चालवणारे पिलाजीराव पत्र्याची कड आत वळवत, कोणाचे बोट कापू नये म्हणून. वेळ जातो अशी मालकाची कुरकुर असे. पिलाजीराव ऐकून घेत आणि कड वळवत राहत. मुलीच्या परीक्षेसाठी त्यांनीच मला घरी आणले.

त्यांची मुलगी शलाका. तिच्या सगळ्या परीक्षा मी मांडीवर बसून दिल्या. बी.ए.ला ती पहिली आली तेव्हा तिच्या आईने, विजयमालाबाईंनी, मलाही कुंकू लावले. तो डाग मी अजून मिरवतो.

१९९७ साली ती अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. कारखान्यांत नवी यंत्रे येत होती. त्यामुळे कामगारांचे पगार वाढले का, हा तिचा प्रश्न होता. मांजलपुरातल्या सोसायट्यांत दर दहाव्या घरी जाऊन कागद भरायचा, मग सगळे आकडे संगणकात घालायचे. शिक्षण आणि अनुभव यांचा वाटा वेगळा काढून यंत्रांचा परिणाम किती, हे संगणक सांगणार होता.

उन्हात सायकलवरून आम्ही दोनशे घरे फिरलो. काही दारांत बायका सांगत, "ए तो रजा पर छे." शलाका 'रजेवर' लिही आणि पगाराचा रकाना कोरा ठेवी. कोरा रकाना संगणकाला चालत नाही. असे एकेचाळीस कागद तिने गाळले आणि माझ्या चिमट्यात सर्वांत खाली अडकवले. तळाचा कागद तिच्या स्वतःच्या घरचा होता. दहावे घर मोजता मोजता तेच आले होते, आणि वडिलांना न विचारता तिने तो स्वयंपाकघरात बसून भरला होता.

उत्तर छान आले. नव्या यंत्रांच्या कारखान्यांत पगार जास्त होते. तिच्या प्राध्यापक निरुपमाबेन खूश झाल्या. पुढच्याच आठवड्यात पुण्याच्या परिसंवादात शलाकाने निबंध वाचायचा ठरले, तिकीटही आले.

त्याच दिवशी ती घरी परतली तेव्हा दारात शेजारीण उभी होती. "भाई हजी घेर छे?" तिने विचारले, म्हणजे पिलाजीराव अजून घरीच का.

"रजा पर छे," विजयमालाबाई म्हणाल्या आणि पदर नीट करू लागल्या.

शलाका जिन्यातच थांबली. वडिलांना कामावरून काढल्याला आठ महिने झाले होते. घरात सर्वांना ते ठाऊक होते आणि सर्वच जण रजा म्हणत, तीसुद्धा. तिने मला इतके घट्ट धरले की माझा कोपरा वाकला. मला तिची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी तिने निरुपमाबेनना सगळे सांगितले. "बेन, ती घरं मला परत बघायची आहेत."

"मग पुणं राहील, शलाका."

"राहू दे."

पाच दिवसांत चाळीस घरे झाली. एक उरले. संध्याकाळी तिने मला वडिलांसमोर ठेवले. पिलाजीरावांनी चष्मा लावून तळाचा कागद वाचला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, बाबा."

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग आता विचार."

तिने कोरा कागद लावला आणि परक्या घरी विचारी तसेच नावापासून विचारत गेली. शेवटी म्हणाली, "आपण सध्या कामावर आहात का?" वडिलांना ती पहिल्यांदाच आपण म्हणत होती.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही," पिलाजीराव म्हणाले. "नवी प्रेस आली, आम्हाला काढलं. तसंच लिही." आणि माझ्या चिमट्यावरून अंगठा फिरवत हळूच म्हणाले, "हा आमच्याकडचा."

एकेचाळीसपैकी सदतीस जणांचे काम गेले होते. बहुतेक नव्या यंत्रांच्याच कारखान्यांतले, त्यातही कमी पगाराचे. पगार वाढले नव्हते. कमी पगाराची माणसे हिशेबातून गेली होती, म्हणून उरलेल्यांची सरासरी वर दिसत होती. शलाकाने उत्तर बदलले. पुण्याला मात्र ती कधी गेली नाही.

आता ती स्वतः शिकवते. विद्यार्थी आकडे थेट संगणकातच भरतात आणि मी कपाटात धूळ खातो. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण दरवर्षी पहिल्या तासाला ती मला बाहेर काढते आणि म्हणते, "तुम्ही गाळलेले कागद आधी मला दाखवा."

मित्रांनो, माझी विनंतीही तेवढीच आहे. रकाना कोरा राहिला तर तो गाळू नका, पुन्हा त्या दाराशी जा आणि नीट विचारा. मला हातात घ्यायला भिऊ नका. गंज चढला आहे, पण कड आत वळवलेली आहे.